साधनाचा चुडीदार, मुमताजची साडी आणि न वाचलेले एक नाव

दर वर्षी २८ एप्रिलला आणि १५ ऑक्टोबरला, म्हणजे जन्मदिनी आणि स्मृतिदिनी, एक ठरलेली ओळ आपणा सर्वांच्या भिंतींवरून फिरते: ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया. खाली हात जोडले जातात, चार तिरंगे फडकतात आणि सहा महिन्यांसाठी विषय मिटतो.

ओळीत चूक काहीच नाही. माझे भांडण आहे ते ती ओळ जिथे थांबते त्या जागेशी. ११ एप्रिल १९८३ च्या त्या रात्री भानू अथैया यांना ५४ वे वर्ष पूर्ण व्हायला १७ दिवस उरले होते आणि चित्रपटातल्या त्यांच्या कामाला ३० वर्षे झाली होती. त्या ३० वर्षांत या देशातल्या शहरी स्त्रीने लग्नाकार्याला, कॉलेजला, सहलीला काय घालावे, हे त्यांच्या हातून जितके ठरले तितके दुसऱ्या कुणाच्या हातून क्वचितच ठरले असेल. ते काम आपण विसरलो. लक्षात ठेवली ती परक्यांनी दिलेली पावती.

धागा लांब आहे. पूर्ण वाचून भांडायला आलात तर स्वागत आहे.

आधी कोल्हापूर. भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये यांचा जन्म १९२९ चा. याच वर्षी याच गावात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. त्याच्या दशकभर आधी बाबूराव पेंटरांनी इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली होती, आणि त्यांच्या नावातच ‘पेंटर’ होते हा योगायोग नव्हे. कोल्हापुरात चित्रकला आणि चित्रपट या वेगळ्या पेठा नव्हत्या. पडदे रंगवणारा हातच कॅमेऱ्यामागे जाई, मूर्ती घडवणारा हातच नटाला दागिने घडवून देई. भानुमतींचे वडील चित्रकार होते. ते त्यांच्या लहानपणीच गेले. घरात रंग आणि कागद मागे राहिले.

पुढे मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. तिथे १९५१ साली सुवर्णपदक. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांचीही चित्रे लागली होती. हा तोच गट, ज्याच्या सूझा, रझा, हुसेन या नावांवर आज लिलावघरांचे संसार चालतात. या गटावर लिहिलेली पुस्तके उघडा आणि भानुमती राजोपाध्ये हे नाव शोधा. मी शोधले आहे. बहुतेक ठिकाणी तळटीपेतही सापडत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर चित्रे बाजारात आली तेव्हा कलासमीक्षकांना एकाएकी त्यांची आठवण झाली, हे वेगळे सांगायला नको.

याचे कारण म्हणून जे सांगितले जाते त्याच्याशी माझे पहिले भांडण आहे. ‘त्यांनी चित्रकला सोडली,’ असे म्हणतात. म्हणजे कॅनव्हासवर लावलेला रंग ही कला, आणि तोच रंग कापडावर, तोही चालत्या, वाकत्या, नाचत्या देहावर लावला की तो धंदा. हुसेन यांनी सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरले, ती त्यांच्या चरित्रातली रोमहर्षक प्रकरणे ठरली. भानुमतींनी ‘ईव्हज वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटने काढून पोट भरले, ते मात्र कलेचा त्याग ठरले. हा न्याय कुठला, ते एकदा कुणीतरी समजावून सांगावे.

त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटिक काढले आणि जी मुलगी पोशाखांची चित्रे काढते तिने ते प्रत्यक्ष बेतून पाहावेत, असे सुचवले. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांत चित्रतारका होत्या. कामिनी कौशल यांनी त्यांना चित्रपटाकडे ओढले, मग नर्गिस आल्या. १९५५ च्या ‘श्री ४२०’ मध्ये क्लबातल्या गाण्यात नादिरा जो अंगासरसा, चमचमता गाऊन घालून सिगारेटची नळी हातात घेऊन वावरते, तो भानुमतींचा. एक गोष्ट लक्षात घ्या. हा चित्रपट कृष्णधवल आहे. लाल आणि हिरवा हे डोळ्यांना परस्परविरोधी दिसणारे रंग त्या फितीवर जवळजवळ एकाच राखाडीत विरघळतात. पोशाख ‘उठून’ दिसायचा तर रंगावर विसंबून चालत नाही. कापडाची झळाळी, पोत, घडीची सावली, कडेची रेषा यांवर खेळावे लागते. हे ज्ञान शिलाईच्या क्लासात मिळत नाही. कोळशाने छायाप्रकाश काढण्यात वर्षे घालवलेल्या हातालाच ते येते. चित्रकला सुटली म्हणणाऱ्यांनी तो प्रसंग आवाज बंद करून पाहावा.

मग गुरुदत्त. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’पासून ही सोबत सुरू झाली आणि १९६२ च्या ‘साहिब बीबी और गुलाम’मध्ये तिचा कळस झाला. जमीनदारी वाड्यात कोंडलेली छोटी बहू आणि ब्राह्मो घरात वाढलेली जबा या दोघी एकाच शहरातल्या, एकाच काळातल्या. पण त्यांच्यात पिढीचे अंतर आहे, आणि ते संवाद सुरू होण्याआधी कपडे सांगून जातात. (इथे एक फाटा फोडतो, कारण तो मुंबईतून जातो. बंगालमधल्या नव्या सुशिक्षित बायकांनी पुढे जी निऱ्यांची, पोलक्यासहितची साडी नेसायला घेतली, तिचे श्रेय ज्ञानदानंदिनी देवींना देतात. १८६४ च्या सुमारास पतीबरोबर त्या मुंबईला आल्या, पारशी बायकांची साडी पाहिली आणि तिच्यात फेरफार करून ती बंगालला नेली. त्यांचे नाव तिकडे तरी लोकांना ठाऊक आहे. आपल्याकडे नऊवारीची पाचवारी झाली ती कुणाकुणाच्या हातून, हे कुणी विचारलेही नाही.)

आता मूळ तक्रारीकडे येतो.

१९६५ च्या ‘वक्त’मध्ये साधनाने घट्ट चुडीदार आणि अंगासरसा, बिनबाह्यांचा कुर्ता घातला. तोवर आपल्याकडे ‘पंजाबी ड्रेस’ हा ढगळ, पंजाबणींनी घालायचा प्रकार मानला जाई; पडद्यावर तो बहुधा त्याच रूपात येई. ‘वक्त’नंतर तो पुण्यामुंबईच्या कॉलेजांत शिरला. कितीतरी मराठी घरांत साडी न नेसता बाहेर पडायची पहिली परवानगी मुलींना या पोशाखाने मिळवून दिली. आमच्या घरच्या अल्बममध्ये आत्याचा एक फोटो आहे. ती स्टुडिओतल्या कागदी महिरपीपुढे उभी आहे, कुर्ता इतका घट्ट की श्वास रोखून धरल्याचे स्पष्ट दिसते, आणि मागे शाईने लिहिले आहे, ‘साधना ड्रेस, दिवाळी’. त्या ड्रेसवरून आजोबा तिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. तो ड्रेस कुणी बेतला, असे मी तिला विचारले तेव्हा तिने पेठेतल्या शिंप्याचे नाव सांगितले. आणि मूळचा? ‘मूळचा साधनाचा,’ ती म्हणाली.

तो भानू अथैया यांनी बेतला होता.

इथे हमखास येणारा आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो खोटा नाही. चुडीदाराची कल्पना आपली होती, असे साधनानेच मुलाखतींत सांगितले आहे. मला ते मान्य आहे. पण आपल्याला घट्ट कुर्ता हवा, ही झाली इच्छा. घट्ट कुर्ता घालून हात वर करता यावा, बसता यावे, काखेत चुणी पडू नये, मोटारीतून उतरताना शिवण उसवू नये आणि रंगीत पडद्यावर तो बटबटीत न दिसता डौलदार दिसावा, ही झाली बेतणी. कापड कुठे आडवे धरायचे, कुठे तिरके, कळी कुठे काढायची, टिप कुठे मारायची हे ठरवणाऱ्या माणसाला नाव नसते, असे आपण का धरून चालतो? घर कसे हवे ते मालक सांगतो. म्हणून कुणी वास्तुविशारदाचे नाव पुसत नाही.

तीच गोष्ट ‘ब्रह्मचारी’ची, १९६८ ची. पडद्याभर ट्विस्ट चालू आहे आणि मुमताजने नारिंगी साडी अंगावर चढवली आहे. ‘चढवली’ हाच शब्द बरोबर, कारण ती नेसलेली नाही, आधीच शिवून ठेवलेली आहे. एरवी तो नाच तिने एक मिनिटही टिकू दिला नसता. साडी या वस्तूचा सगळा इतिहास न शिवलेल्या कापडाचा आहे, आणि इथे एक बाई तिला शिवते, अंगाभोवती घट्ट थर लावून घेते, तरी पाहणाऱ्याला ती साडीच वाटते. आज लग्नाच्या बाजारात ‘रेडी टू वेअर’ म्हणून ज्या साड्या विकल्या जातात, त्यांच्या वंशावळीत ही साडी बरीच वर बसते. तिला काय म्हणतात? मुमताज साडी. अजूनही.

नायिकांचा मला राग नाही. अंगावर घालून मिरवणे हेही कामच आहे आणि साधनाइतके ते थोड्यांनाच जमले. पण केस कापण्याच्या पद्धतीला ‘साधना कट’ म्हणायचे, पोशाखाला ‘साधना ड्रेस’ म्हणायचे, साडीला मुमताजचे नाव द्यायचे, आणि ज्या बाईने यांतले दोन पोशाख वेगवेगळ्या नायिकांसाठी, वेगवेगळ्या दिग्दर्शकांसाठी, तीन वर्षांच्या अंतराने घडवले ती दोन्हींमधला समान धागा आहे हे कुणाला दिसूही नये? तिचे नाव लपवलेले नव्हते. कितीतरी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ते छापलेले आहे. ते येते तेव्हा आपण खुर्च्या शोधत असतो.

‘सगळीकडे असेच असते,’ हे उत्तर मला मिळेल. सगळीकडे असेच होते, पण राहिले नाही. १९५४ च्या ‘सब्रिना’त ऑड्री हेपबर्नचे गाजलेले पोशाख पॅरिसच्या ह्यूबर द जिव्हाँशीने घडवले. पडद्यावर त्याचे नाव आले नाही, आणि वेशभूषेचे ऑस्कर एकट्या एडिथ हेड घेऊन गेल्या. गळ्याच्या त्या आकाराला नाव पडले ते पात्राचे, सब्रिनाचे. पण त्यावर तिकडे वर्षानुवर्षे लिहिले गेले, वाद झाले, आणि आज जिव्हाँशीचा उल्लेख केल्याशिवाय त्या पोशाखांविषयी कुणी लिहीत नाही. त्याही आधी, दोन महायुद्धांच्या मधल्या पॅरिसमध्ये, मादलेन व्हियोने ही बाई नकलांना इतकी वैतागली होती की आपल्या पोशाखांच्या लेबलावर ती स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवत असे. कापड तिरके धरून बेतण्याची तिची रीत जगाने उचलली, पण ती तिचीच आहे हे जग विसरले नाही.

आपल्याकडे तसा ठसा उमटवायची सोयच नव्हती. चित्रपटाचा पोशाख निर्मात्याच्या मालकीचा. चित्रीकरण संपले की तो गोदामात जायचा, उसवून दुसऱ्या चित्रपटात लागायचा किंवा गर्दीतल्या कुणाच्या तरी अंगावर चढायचा. आणि त्याच वेळी देशभरातले हजारो शिंपी चित्रपट पाहून, मासिकातला फोटो समोर ठेवून त्याची नक्कल करत होते. या शिंप्यांना मी चोर म्हणणार नाही. सव्वादोन वारात पडद्यावरची जादू उतरवून देणारे ते कारागीर होते, आणि त्यांची नावे तर भानूबाईंच्या नावाहून अधिक पुसली गेली आहेत. पण नक्कल इतकी पसरली की मूळ कुणाचे हा प्रश्नच उरला नाही.

‘आम्रपाली’चे उदाहरण याहून विलक्षण आहे. १९६६ चा हा चित्रपट तिकीटबारीवर आपटला. त्यासाठी भानू अथैया अजिंठ्याला गेल्या आणि तिथली भित्तिचित्रे डोळ्यांत भरून परतल्या. चित्रातले वस्त्र देहावर ठरते कारण चित्रकार ते ठरवतो. वैजयंतीमालेच्या अंगावर ते नाचताना ठरायला हवे होते, दिव्यांच्या प्रखर उजेडात झळकायला हवे होते आणि सेन्सॉरच्या डोळ्यांखालून सुटायलाही हवे होते. त्यांनी जे घडवले ते अजिंठा नाही. अजिंठा पाहून आलेल्या विसाव्या शतकातल्या चित्रकर्तीने केलेली ती नवी रचना आहे. चित्रपट विसरला गेला, पोशाख राहिला. आज शाळेच्या स्नेहसंमेलनात, टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेत, कॅलेंडरवर ‘प्राचीन भारतीय स्त्री’ दाखवायची झाली की बहुतेक वेळा तीच कंचुकी, तेच कमरेभोवतीचे वस्त्र, तेच दागिने थोड्याफार फरकाने येतात. एका मराठी बाईची कल्पना आपण देशाचा इतिहास म्हणून गिळली आहे. एवढा परिणाम करून नाव न राहणे हा मान समजायचा की अपमान, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आणि मग ‘गांधी’. रिचर्ड अॅटनबरोंच्या या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. त्यांतले वेशभूषेचे भानू अथैया आणि जॉन मॉलो यांना विभागून. मॉलो यांचा हातखंडा सैनिकी गणवेशांचा; ‘स्टार वॉर्स’साठी त्यांना ते पारितोषिक आधीच मिळाले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या १८९३ च्या त्या रेल्वेडब्यापासून १९४८ पर्यंतचा हिंदुस्थान, त्यातले वकील, शेतकरी, संस्थानिक, सत्याग्रही उभे करणे हे भानूबाईंचे काम. लोक गांधींचा पंचा पाहतात. मी सांगेन, रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या बॅरिस्टरच्या बायकोपासून आगाखान पॅलेसमधल्या थकलेल्या बापर्यंत त्यांचा सारा प्रवास काठ, पोत आणि पदर यांतून चालतो. हळूहळू एकेक गोष्ट गळत जाते आणि शेवटी जाडेभरडे पांढरे उरते. त्याविषयी कुणी एक शब्द उच्चारत नाही, आणि उच्चारायची गरजही पडत नाही.

आता एक तारीख ध्यानात ठेवा. भारताच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वेशभूषेसाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू झाले ते १९८४ च्या चित्रपटांपासून. म्हणजे ‘श्री ४२०’, ‘साहिब बीबी’, ‘वक्त’, ‘आम्रपाली’, ‘ब्रह्मचारी’ या कामांना राष्ट्रीय पुरस्कार मिळणे शक्यच नव्हते. तो प्रकारच अस्तित्वात नव्हता. परक्या देशाने पाठ थोपटल्यावर आपल्याला शोध लागला की पडद्यावरची माणसे कपडे घालतात. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी तो त्यांना मिळाला, हे खरे. पण दादासाहेब फाळके पुरस्काराची यादी काढून बघा. त्यात वहीदा रहमान आहेत, आशा पारेख आहेत, गुरुदत्तांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती आहेत, राज कपूर आणि यश चोप्रा आहेत. ज्यांना भानूबाईंनी सजवले आणि ज्यांच्यासाठी सजवले त्यांतले कितीतरी आहेत. वेशभूषाकार एकही नाही. एकही.

२०१२ साली भानू अथैया यांनी आपले ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवले. प्रकृती ढासळली होती आणि आपल्यामागे ते इथे सुरक्षित राहील अशी खात्री त्यांना वाटत नव्हती. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ मध्ये चोरीला गेले, हे उदाहरण त्यांनीच दिले होते. तेव्हा आपण हळहळलो, थोडे रागावलोही. ‘देशावर विश्वास नाही का?’ असे विचारणारे महाभाग मी या डोळ्यांनी वाचले आहेत. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. ‘आम्रपाली’तला एखादा मूळ पोशाख, ‘वक्त’मधला तो कुर्ता, ती नारिंगी साडी आज कुठे ठेवली आहे, हे तुम्ही सांगू शकाल? पुतळी धातूची होती, ती इथेही टिकली असती. कापड टिकत नाही. त्याला दमट हवा खाते, उजेड खातो, कसर खाते, आणि ते जपायचे तर आधी ते जपण्याजोगे वाटावे लागते.

म्हणून पुढच्या २८ एप्रिलला ऑस्करचा फोटो टाकायच्या आधी एक काम करा. घरातले जुने अल्बम काढा. १९६५ ते १९७५ च्या दरम्यानचा, ‘साधना ड्रेस’ किंवा ‘मुमताज साडी’ घातलेला आई, आजी, मावशी, आत्या यांपैकी कुणाचा फोटो असेल तर त्यांची परवानगी घेऊन या धाग्याखाली जोडा. कापड कोणते होते, शिलाई किती पडली, घरात कोण रागावले, तेही लिहा. शिवणाऱ्याचे नाव आठवत असेल तर ते सर्वांत आधी लिहा. आत्याने सांगितलेले पेठेतल्या त्या शिंप्याचे नाव मी त्या फोटोच्या मागे, तिच्या अक्षराखाली, कालच पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. त्याच्या वर भानू अथैया.